वैकुंठ, गव्हाणी आणि ‘ख्रिस्तवासी’

नाताळच्या आनंदाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचा बराचसा भाग डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येतो आणि तेथेच विरून जातो. त्यात रोषणाई असते, केक असतो, लाल डगल्यातील म्हातारबाबा असतात. स्वर्ग मात्र क्वचितच असतो. ख्रिस्ती श्रद्धेत या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची वार्ता पहिल्याने रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना मिळते. त्यांच्या डोक्यावर आकाश उजळते, देवदूतांचा समुदाय दिसतो, आणि खूण सांगितली जाते ती गव्हाणीत निजवलेल्या एका तान्ह्या बालकाची. ज्यांनी आकाश उघडलेले पाहिले त्यांना गोठ्याकडे पाठवण्यात आले, ही त्या कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट आम्हांस वाटते.

हा आनंद सांगण्यासाठी मराठी ख्रिस्ती लेखकांनी कोणते शब्द हाताशी घेतले, कोणते नाकारले आणि ते शब्द मुळात कोणाचे होते, हा प्रश्न आम्हांला निव्वळ अभ्यासाचा वाटत नाही. ज्या घरात आमची प्रार्थना मराठीत सुरू झाली त्या घराच्या भाषेचा तो इतिहास आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ख्रिस्तपुराण एका टोकाला व स्मृतिचित्रे दुसऱ्या टोकाला असतात. मध्ये जे घडले ते बहुधा तळटिपांत राहते.

आरंभ अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून करावा लागतो. इंग्लंडातील विल्टशर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा माणूस एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक राहू इच्छीत होता आणि त्या देशात मिस्सा बेकायदा ठरली होती. त्याचा स्नेही थॉमस पाउंड पुढे जवळपास तीस वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स रोमला निसटले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास उतरले. तेथून परत फिरले नाहीत. १६१९ साली निधन होईपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. (१५८२ च्या पंचांगसुधारणेनंतर एक गंमत झाली. पोर्तुगीज सत्तेखालचा नाताळ दहा दिवस आधी येऊ लागला व इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्याच पंचांगाला धरून बसले. स्टीफन्स गोव्यात गव्हाणीपुढे गुडघे टेकीत तेव्हा त्यांच्या जन्मगावी तो दिवस उजाडायचा असे.)

राचोल येथे १६१६ साली छापले गेलेले ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ ‘अवस्वर’ आहेत. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात येते. ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची आहे. एकनाथांचे निधन १५९९ चे, म्हणजे ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यास दोन दशकेही झाली नव्हती. आणि परंपरेने मानलेला जन्मशक धरला तर तुकाराम त्या वेळी देहूत बाळपणात असावेत. मराठी भाषेच्या गौरवाच्या त्यातील ओव्या शालेय पुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक आहेत. आमचे लक्ष मात्र वेगळ्या शब्दावर जाते. ख्रिस्ती स्वर्गासाठी स्टीफन्स मुक्तपणे ‘वैकुंठ’ हा शब्द योजतात. ‘स्वर्ग’ त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. तोही ग्रंथात आहे. परंतु जेथे देव राहतो, जेथून आदामाच्या वंशजांना दार बंद झाले आणि बेथलेहेमच्या रात्री जे पुन्हा उघडू लागले, त्या ठिकाणाला नाव देताना त्यांच्या लेखणीवर वैकुंठ येते.

ही निवड सहज झाली नसावी. पुराणांच्या स्वर्गात इंद्र आहे, अप्सरा आहेत, आणि पुण्य सरले की माणसाला पुन्हा मृत्युलोकी ढकलले जाते. तो मुक्कामाचा स्वर्ग आहे, घराचा नव्हे. वैकुंठातून कोणी परत येत नाही. अनंत जीवनाच्या ख्रिस्ती कल्पनेला जवळचा शब्द शोधायचा तर तो हाच होता. आणि त्या शब्दाला आणखी एक जोड होती: वैकुंठाचा स्वामी भक्तासाठी वैकुंठ सोडून खाली येतो. श्रोत्यांच्या कानांवर ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पडलेली होती. पुंडलिकासाठी आलेला देव विटेवर उभा आहे, दार उघडण्याची वाट पाहत आहे. साष्टीच्या श्रोत्यांना स्वर्ग सोडून आलेल्या देवाची कथा अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. परिचित नव्हते ते एवढेच की या देवाला कोणी वीटही दिली नाही. धर्मशाळेत जागा नव्हती.

येथे आनंदाचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवणे प्राप्त आहे. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण नवख्रिस्ती स्टीफन्स यांना विनवितो की आमची जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर त्यांच्या जागी वाचावयास तुम्ही काही द्याल की नाही? ही विनंती वाचताना पहिल्यांदा गोड वाटते. दुसऱ्यांदा वाचताना त्या मागची पोकळी दिसू लागते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, पोथ्या जाळल्या गेल्या होत्या. १५६० पासून इन्क्विझिशन गोव्यात बसले होते व ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, राहिले. १५८३ साली कुंकळ्ळीस लोक उठले, पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यांची प्रेते आणण्याचे काम ज्यांच्यावर आले ते स्टीफन्सच. गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना त्यानंतर जी शिक्षा झाली तीही त्यांनी पाहिली असेल. ज्या सत्तेने वैकुंठाच्या स्वामीची मूर्ती फोडली, त्याच सत्तेच्या आश्रयाने वैकुंठ हा शब्द चर्चमध्ये शिरला. याला कोणी समन्वय म्हणतात, कोणी अपहरण. आम्हांला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. स्टीफन्स यांचे मराठीवरील प्रेम खरे होते यात शंका नाही. ज्याला नुसता प्रचार करायचा आहे तो अकरा हजार ओव्या इतक्या निगुतीने रचीत नाही. पण त्या प्रेमाला जागा मोकळी करून देणारा हात निर्मळ नव्हता, आणि नाताळच्या मराठी आनंदाचा पहिला मोठा ग्रंथ असा राखेच्या शेजारी उभा आहे.

त्या ग्रंथाचे पुढे जे झाले त्यात न्यायही आहे व विपर्यासही. स्टीफन्स यांना तो नागरी लिपीत छापावयाचा होता. १६०८ सालच्या पत्रात त्यांनी वरिष्ठांकडे देशी अक्षरांत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. ते जमले नाही, ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. राचोलच्या मूळ छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीतच आवृत्ती काढली. देवनागरी छापील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून आणली. म्हणजे मराठीतील पहिल्या विस्तृत नाताळकथेला बाराखडीत छापून येण्यास ३४० वर्षे लागली. लोकांच्या मुखी जो राहिला तो एक शब्द: ‘नाताळ’. पोर्तुगीजमध्ये ‘नाताल’ म्हणजे जन्मोत्सव. (वास्को द गामाला १४९७ च्या नाताळात आफ्रिकेचा जो किनारा दिसला त्याचेही नाव नाताळच पडले.) वसईतून पोर्तुगीज १७३९ मध्ये गेले, चिमाजीअप्पांच्या विजयाचे पोवाडे झाले, नाताळ राहिला.

एकोणिसाव्या शतकातील दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा. १८१३ साली मुंबईत आलेले व पुढे अहमदनगरास स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या मंडळाने पाठविलेले होते. या न्यू इंग्लंडच्या ख्रिस्ती परंपरेत २५ डिसेंबर हा सणच नव्हता. प्युरिटन पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता. तेथे त्या दिवशी सरकारी सुटी मिळू लागली ती १८५६ च्या सुमारास. तेव्हा नगर जिल्ह्यातील नाताळ अमेरिकेतून आला असे म्हणणे फारसे खरे नाही. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, दारावर चांदणीच्या आकाराचा कंदील, पेटी-ढोलकी घेऊन वाडीवाडीतून रात्रभर गाणारी मंडळी, हे सारे ज्या हातांनी दिवाळी केली होती त्यांनीच घडविले. नाव पोर्तुगीज कॅथलिकांचे, फराळ देशावरचा, उपदेशक बोस्टनचे. आणि या तिघांपैकी नाताळ साजरा करण्यास ज्यांचे मन सर्वांत कमी तयार असावयाचे ते उपदेशकच.

या प्रवाहाच्या ग्रांथिक भाषेत वैकुंठाला थारा नव्हता. मराठी बायबलात ‘स्वर्ग’ व ‘स्वर्गाचे राज्य’ रुळले. मूर्तिपूजेचा वास येणारे शब्द नकोत हा मिशनऱ्यांचा विचार होता. तो त्यांच्या तोंडी आम्हांला थोडा कोरडा वाटतो. पण तोच विचार पंडिता रमाबाईंच्या लेखणीतून येतो तेव्हा त्याचे वजन निराळे होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी, देवळांच्या ओवऱ्यांतून, पुराण सांगत हिंडले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. स्टीफन्स यांनी जे ‘पुराण’ हे रूप मोठ्या आवडीने उचलले, त्याच पुराणाच्या पोटावर रमाबाई उपाशी राहिल्या होत्या. पुढे धर्मशास्त्रांचे वाचन करताना स्त्रीला स्वतःच्या हक्काने मोक्ष नाही हे वारंवार समोर आल्याचे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. ज्या वैकुंठाचा ऊबदार शब्द ओवीत इतका शोभतो, त्याच्या दारावर एका वाचणारीने आपल्यासाठी कुलूप पाहिले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (वाँटेज तेव्हा बर्कशर परगण्यात होते, बुश्टनच्या विल्टशरला लागूनच. स्टीफन्स ज्या मुलखातून कायमचे बाहेर पडले त्याच्या शेजारी तीन शतकांनी रमाबाई जाऊन पोहोचल्या.) केडगावी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. भाषा खेड्यातील बाईलाही कळावी, संस्कृत पांडित्याचा व जुन्या उपासनेचा रंग असलेले शब्द शक्यतो टाळावे, असा त्यांचा कटाक्ष होता. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावीच छापून निघाला.

साहित्याच्या शिक्षकांना हे भाषांतर रूक्ष वाटते. वाङ्मयीन दृष्टीने तसे वाटणे चूक नाही. परंतु शब्द गाळण्याचे हे काम अनभिज्ञतेतून झालेले नाही. संस्कृत ज्यांना मुखोद्गत होते अशा स्त्रीने ते जाणून केले आहे. आणि तरीही एक शब्द त्यांनी सोडला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे मुली-विधवांसाठी केडगावी जे घर उभे राहिले त्याचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले. दर्शनशास्त्रातील हा सर्वांत जड शब्द. त्या घरात आलेल्या मुलीला त्याचा अर्थ सांगावा लागत नसेल: जेवण, अंगभर वस्त्र, अक्षरओळख, आणि केशवपन न होणे. मरणोत्तर मुक्तीच्या शब्दाला रमाबाईंनी या बाजूचा पत्ता दिला. नाताळची कथा स्वर्गाच्या बाबतीत याहून फार वेगळे काही करीत नाही, असे आम्हांस वाटते.

नारायण वामन टिळकांची वाट याच्या अगदी उलट. १८६१ साली करजगावी जन्मलेले, कविता व संस्कृत यांत मुरलेले टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, हे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. परकीय चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी ख्रिस्ती माणसाचा ऊर भरून येत नाही हे त्यांनी ओळखले व अभंग, कीर्तन, ओवी यांना चर्चमध्ये आणले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची पदे आजही म्हटली जातात. टिळकांच्या काव्यात वैकुंठ नावाच्या जागेला फारसे महत्त्व नाही. त्यांना नाते हवे होते. ख्रिस्ताला ते आई म्हणून हाक मारतात, जशी वारकरी विठ्ठलाला माउली म्हणून मारतो. वारकऱ्याचे पंढरपूर हे माहेर आहे, आणि मराठी बाईच्या जगात माहेर म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे त्याला स्वर्गाची निराळी व्याख्या लागत नाही. कोणी कामाचा हिशेब मागत नाही, आपण आलो एवढेच पुरते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोन्ही बसू शकत होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

या माहेराची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी भोगली. पती ख्रिस्ती झाला त्यानंतरची वियोगाची वर्षे त्यांनी काढली ती पंढरपुरात. म्हणजे टिळक ज्या पुलावरून पलीकडे गेले त्याच्या अलीकडच्या टोकाला, वारकऱ्यांच्या माहेरी, त्यांची पत्नी नवरा असून नसल्यासारखी राहत होती. टिळकांच्या आनंदाची किंमत कोणी मोजली हे विचारल्यावाचून त्यांचे अभंग वाचू नयेत, असे आमचे मत आहे. स्मृतिचित्रांत ईश्वरशास्त्र जवळजवळ नाही. सोवळेओवळे कसे गळून पडले हे आहे, आणि तेही हसत हसत सांगितलेले. पाहुणे आहेत, अनाथ मुले आहेत, त्याच घरात राहणारे कवी ठोमरे, म्हणजे बालकवी, आहेत. पैसे कधीच पुरत नाहीत. अशा घरात स्वर्गाविषयी बोलण्यास फुरसत कोणाला? आम्हांला तर ते घरच बेथलेहेमच्या धर्मशाळेला दिलेले उत्तर वाटते. तेथे जागा नव्हती. येथे जागा नसूनही कोणाला परत पाठवीत नसत.

आता वृत्तपत्रांतील एका छोट्या शब्दाकडे येतो. मराठीत मृत व्यक्तीच्या नावामागे कैलासवासी, वैकुंठवासी लिहिण्याची रीत आहे. मुसलमानांसाठी पैगंबरवासी, बौद्धांसाठी बुद्धवासी, आणि आमच्यासाठी ‘ख्रिस्तवासी’. हा शब्द कोणी घडविला हे बहुधा वृत्तपत्रांच्या उपसंपादकांनाही सांगता येणार नाही, कारण तो व्यवहाराने घडविलेला आहे. एका साच्यात सर्वांना बसविण्याची ती सोय आहे. परंतु साचा भरताना एक चमत्कार झाला. कैलास, वैकुंठ ही ठिकाणे आहेत. ख्रिस्त हे ठिकाण नव्हे. ‘स्वर्गवासी’ हा शब्द तयार असताना तो पुरेसा वाटला नाही, आणि व्यक्तीच निवासस्थान झाली. ‘ख्रिस्तात’ असणे ही पौलाच्या पत्रांतून पुनःपुन्हा येणारी शब्दयोजना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी शब्द देही होऊन आमच्यामध्ये वस्तीस आला असे जे सांगितले आहे तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणे असा आहे. नाताळात तो आमच्यात वसतो, मरणात आम्ही त्याच्यात वसतो, क्रियापद एकच. स्टीफन्स यांनी वैकुंठ उसने घेतले, रमाबाईंनी ते नाकारले, टिळकांनी ते माहेरात विरघळविले, आणि ज्या शब्दात हा सारा वाद मिटल्यासारखा दिसतो तो निधनवार्तेच्या रकान्यात, कोणाच्याही नावावर नसलेला, पडून आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ (२०१०) लिहिताना याच वारशाची उठाठेव नव्याने केली. त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि ख्रिस्ती माणूस मराठीचा कसा, हा प्रश्न काहींनी त्या वेळीही विचारला. २०२४ च्या जुलैत तेही ख्रिस्तवासी झाले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. औपचारिक शिक्षण नाही, पाठीशी संस्कृत नाही, पंढरपुरात ऐकलेल्या ओव्या मात्र कानात आहेत. अभ्यासक या ग्रंथाकडे काव्यगुणांच्या अपेक्षेने जातात व निराश होऊन परततात. त्यांनी तो वाचू नये, ऐकावा. नाताळच्या आधीच्या रात्री, स्वयंपाकघरात करंज्या भरता भरता, एकीने म्हणावा आणि बाकीच्यांनी ओवी उचलावी, अशा चालीचा तो आहे.